चार्जर कुणाचा

धाकटीनं करवतीचं बारीक पातं त्या काळ्या गोळ्यावर टेकवलं.

"उजेड हातावर पाड," ती म्हणाली. "तोंडावर नको."

"तोंडही दिसायला हवं," दादा म्हणाला. "नाहीतर उद्या तुमची कंपनी म्हणेल, कुणी उघडला आम्हाला काय ठाऊक."

त्यानं मोबाइल दोन्ही हातांत धरला होता आणि तो चित्रण करत होता. जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली होती. त्यांवर ठेवलेला गोळा चार्जर आणि भिंतीवरचा सॉकेट एकत्र वितळून झाला होता. गेला महिनाभर दादानं तो पत्र्याच्या डब्यात घालून आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवला होता. कंपनीनं तपासणीसाठी मागितला, तेव्हा त्यानं कळवलं की पुरावा चोराच्या हाती द्यायला तो खुळा नाही. शेवटी धाकटीनंच फोन करून सांगितलं, मी येते, तुझ्यासमोर उघडते, काय निघेल ते निघेल. त्यावर त्यानं 'ये' एवढंच म्हटलं होतं. आज ती आली तेव्हा दार उघडून तो बाजूला झाला, आणि बस म्हणायचं सोडून त्यानं डबा आणून टेबलावर आदळला.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. तिच्या दोन्ही तळव्यांना मनगटापर्यंत पट्ट्या होत्या. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताची घडी घालून. धाकटी आल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती.

पातं चालू लागलं. जळक्या प्लॅस्टिकचा वास पुन्हा घरात पसरला तशी वहिनीनं मान फिरवली.

आग लागली त्या दुपारी आई घरात एकटी होती. आईच्या खोलीची भिंत घरात सगळ्यात लांब, म्हणून वहिनीचे कपडे तिथे टांगलेले असत. वहिनी नाटक मंडळीसाठी पोशाख शिवायची. नव्या नाटकाचे सगळे पोशाख तयार होते. राजाचा झगा, पहारेकऱ्यांचे कोट, राणीचा तो सोनेरी जरीचा घोळदार, पायघोळ पोशाख, ज्याच्या काठावर वहिनी सबंध हिवाळा भरतकाम करत बसली होती. पलंगाशेजारी आईचा टॅबलेट चार्जिंगला लावलेला होता. आई डुलकी घेत होती. जाग आली तेव्हा पडदा पेटला होता, आणि पडद्यावरून आग कपड्यांवर गेली होती. शेजाऱ्यांनी दार ढकलून तिला बाहेर काढलं, तेव्हाही तिनं राणीच्या पोशाखाचं एक टोक धरून ठेवलं होतं. ते टोकही जळत होतं.

तो चार्जर धाकटीचा होता. म्हणजे तिनं केलेला. ती आणि तिचे चार सहकारी दोन वर्षं त्याच्यावर खपले होते. पहिला माल बाहेर पडला तेव्हा त्यातला एक तिनं कागदात गुंडाळून आईला आणून दिला होता. दादानं आगीनंतर त्या गोळ्याचा फोटो कंपनीच्या नावानिशी सगळीकडे टाकला. खाली लिहिलं, 'माझ्या सख्ख्या बहिणीनं बनवलेल्या चार्जरनं माझ्या आईचे हात जाळले.' सख्ख्या बहिणीनं, या दोन शब्दांमुळेच बहुतेक तो फोटो एवढा फिरला. गोदामातला माल गोदामात थांबला. ऑफिसात तिला कुणी काही बोललं नाही. ती कॉफी घ्यायला गेली की बोलणाऱ्यांचा विषय तेवढा बदलायचा.

"एवढीशी डबी," दादा मोबाइलच्या मागून म्हणाला. "काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी. आणि त्यातून लॅपटॉपसुद्धा चार्ज होतो म्हणे. साध्या माणसालाही कळतं, एवढ्याशा जागेत एवढी वीज कोंबली तर ती तापणारच."

"उलट आहे ते."

"तुझं सगळं उलटच असतं."

धाकटीनं पातं थांबवलं. तिला भांडायचं नव्हतं. निदान गोळा उघडेपर्यंत नव्हतं.

"जुन्या चार्जरमध्ये सिलिकॉनचा स्विच असतो," ती म्हणाली. "तो वीज सतत चालू-बंद करत असतो. दर वेळी त्यातली थोडी सांडते, तिचीच उष्णता होते. आम्ही गॅलियम नायट्राइडचा स्विच वापरतो. तो कितीतरी जास्त भराभर चालू-बंद होतो आणि सांडतोही कमी. बादलीनं चार खेपा घालायच्या त्या आपण तांब्यानं चाळीस घातल्या, पण पळत घातल्या, असं समज. पाणी तेवढंच पोचतं. मग बादली लागत नाही, आतली तारेची गुंडाळी लहान होते. म्हणून डबी लहान, दादा. कोंबून भरलंय म्हणून नाही."

"मग पेटला कसा?"

"वाईट बनवला तर काहीही पेटतं. आमचाही पेटेल."

हे ती मोठ्यानं बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. गेला महिनाभर ती याच वाक्यापाशी येऊन थांबत होती. आराखडा तिनं पुन्हा पुन्हा तपासला होता. कुठल्या जोडणीत काय चुकलं असेल, कुठला लेप पातळ बसला असेल, हे शोधत ती रविवारीही टेबलापाशी बसली होती. सापडलं काहीच नव्हतं. पण सापडलं नाही म्हणजे चूक नाही, असं होत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

पातं आरपार गेलं. तिनं चिमट्यानं दोन भाग अलग केले. वरचा कोळसा कुंचल्यानं झाडला, आणि कुंचला तसाच धरून ती बघत राहिली.

आत तारेची जाडजूड गुंडाळी होती, सबंध अंगठ्याएवढी. तिच्याभोवती पिवळी पट्टी एकाच पदराची. खाली तपकिरी पुठ्ठ्यासारखी पाटी, आणि तिच्यावर घरातली मोठी वीज आणि टॅबलेटकडे जाणारी छोटी वीज इतक्या जवळ आणून ठेवलेली, की मध्ये नखही मावलं नसतं. फ्यूज असायला हवा तिथे नुसता तारेचा तुकडा जोडून दिलेला होता.

"काय?" दादा म्हणाला. "बोल की आता."

"हा आमचा नाही."

"वाटलंच होतं."

"दादा, हा आमचा नाही! बघ ना. ही गुंडाळी बघ. आमची एवढीशी असते, नखाएवढी. आमच्यात सगळं करड्या लेपात बुडवलेलं असतं, इथे लेपाचा थेंब नाही. हा जुना, साधा, कुठल्यातरी टपरीवरचा चार्जर आहे. हे बघ, फ्यूजसुद्धा नाही!" तिचा आवाज चढत गेला. सुटका झाल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं, पण आला तो संताप. "महिनाभर! महिनाभर तू माझ्या नावानं बोंब मारलीस. एकदा उघडून बघू दिलं नाहीस. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

दादानं मोबाइल खाली घेतला. तो वाकून बघू लागला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण गुंडाळी मोठी होती एवढं दिसत होतं.

"मग तुझा कुठे गेला?"

"तेच मी विचारतेय. तुम्ही घरात राहता, मी नाही."

दोघांनी आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

"आई, तिचा चार्जर कुठे आहे?"

"मला काय माहीत," आई म्हणाली. "जळलं त्यात सगळंच जळलं."

"पण हा तिचा नाही म्हणतेय ती."

"म्हणत असेल. ती शिकलेली आहे."

धाकटीनं वहिनीकडे पाहिलं, पण दारात वहिनी नव्हती.

ती स्वयंपाकघरात गेली. वहिनी ओट्याशी उभी राहून बटणांचा डबा उघडत होती. डब्यात हात घालून तिनं तळातून एक रुमाल काढला. पांढरा, कोपऱ्यात निळी फुलं भरलेला, आईचा ठेवणीतला. तिनं घडी उलगडली. आत चार्जर होता. नवाकोरा, वरची पातळ पारदर्शक पट्टीसुद्धा न काढलेला.

"आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी सापडला," वहिनी म्हणाली. "आईंच्या कपड्यांच्या कप्प्यात. खोली साफ करताना."

धाकटीनं तो रुमालातच उलटसुलट करून पाहिला. तिचाच होता.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"हळू बोल."

"तुला माहीत होतं, वहिनी! त्या फोटोखाली लोकांनी मला काय काय लिहिलं ते वाचलंस तू? आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस?"

"वाचलं," वहिनी म्हणाली. "सगळं वाचलं. काही वाचताना बरंसुद्धा वाटलं."

एवढ्या सरळपणे ती हे बोलली की धाकटी ओट्याला टेकून उभी राहिली.

"तू दिलास त्या दिवसापासून त्यांनी तो एकदाही लावला नाही," वहिनी पुढे म्हणाली. "शेजारणी आल्या की रुमालातून काढून दाखवायच्या. लेकीनं केलाय, मूर्ती लहान पण कीर्ती महान. सगळ्यांचं बघून झालं की परत घडी. मी म्हटलं एकदा, आई, अहो, तो वापरायला दिलाय तिनं. तर म्हणाल्या, वापरून जुना कशाला करायचा. आणि लावायला तो भंगारातला. कितीदा सांगितलं होतं मी, तो तापतो, टाकून द्या. चालतोय ना, म्हणायच्या."

"मग दादाला का नाही सांगितलंस?"

"गेल्या उन्हाळ्यात गॅस चालू ठेवून त्या बागेत गेल्या होत्या, तेव्हाच तो म्हणाला होता, परत असं काही झालं तर वृद्धाश्रम. नुसतं म्हणाला नाही, जाऊन बघून आलाय. खोली कशी आहे, खिडकी कुठल्या बाजूला आहे, सगळं. तुला सांगितलं नसेल त्यानं."

खरंच सांगितलं नव्हतं.

"म्हणून मी?" धाकटी म्हणाली. "म्हणून माझा बळी?"

वहिनीनं डब्याचं झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं.

"मी फार काही थोर विचार केला नाही, बाई. मी जळत होते नुसती. माझी राणी गेली, माझे सगळे कपडे गेले. नाटक मंडळींनी दुसऱ्या बाईकडून भाड्यानं आणले पोशाख, माहीत आहे? त्या बाईला बाही कशी बसवतात तेही येत नाही. आणि मला ओरडायचं होतं, आणि ज्यांच्यावर ओरडायचं त्यांनी माझेच कपडे ओढताना हात भाजून घेतलेले. रोज सकाळी मी त्यांची पट्टी बदलते. त्यांना भरवते. कशी रागावू? तोंड उघडलं की ते हात समोर येतात." "तुझ्यावर रागावणं सोपं होतं. तू इथे राहत नाहीस."

बाहेर दादा पुन्हा विचारत होता, आणि आई पुन्हा मला काय माहीत म्हणत होती.

"मी माझ्या माथ्यावर घेणार नाही," धाकटी म्हणाली. "वाटेल ते झालं तरी नाही. माझ्याबरोबर चार जणांचं काम आहे त्यात. तो आमचा नव्हता, आणि हे दादा स्वतः लिहील, सगळ्यांना दिसेल असं."

"तुला घे म्हणतंय कोण?"

वहिनीनं चार्जर उचलला, रुमाल बटणांच्या डब्यात कोंबला आणि ती बाहेर गेली. धाकटी तिच्यामागोमाग गेली.

"हा घे," वहिनी दादासमोर चार्जर ठेवत म्हणाली. "तिचा. माझ्याकडे होता."

दादानं आधी चार्जरकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुझ्याकडे?"

"लॅपटॉपला घेतला होता. पटकन होतो म्हणून. आईंना तो जुना लावून दिला मी. मीच."

धाकटीनं आईकडे पाहिलं. आईनं पट्टी बांधलेले दोन्ही हात मांडीवरून उचलले आणि परत मांडीवर ठेवले.

"आणि महिनाभर गप्प बसलीस?" दादाचा चेहरा लाल झाला. "मला जगभर तोंडघशी पाडलंस! बहिणीशी बोलणं सोडलं मी तुझ्यापायी! अगं, आई मेली असती त्या दिवशी, कळतंय का तुला? तुझ्या लॅपटॉपपायी!"

"कळतंय."

"काय कळतंय? साधी अक्कल नाही? तो तापतो म्हणून तूच सांगत होतीस ना?"

"हो, मीच सांगत होते."

तो बोलत राहिला. वहिनी उभी राहून ऐकत राहिली. धाकटीला वाटलं, आता आई बोलेल. आईचे ओठ हललेही. पण मग तिनं ते घट्ट मिटले आणि ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द तिच्या स्वतःच्या जिभेवरही होता, पण वृद्धाश्रमातल्या त्या खोलीचा विचार मनात आला, खिडकी कुठल्या बाजूला असेल असा, आणि तिनं तो गिळला. हत्यारं पिशवीत भरायला तिला उगाच वेळ लागला.

दादा तिला दारापर्यंत सोडायला आला. ती बूट घालत होती, तेव्हा तो तिच्याशेजारी उभा होता.

"संध्याकाळपर्यंत काढतो तो फोटो," तो म्हणाला. "आणि लिहितो काय ते. माझी चूक झाली म्हणून."

"लिही."

"उगाच बोललो तुला. म्हणजे... आईचे हात बघितले आणि माझं डोकंच फिरलं."

ती थांबवेल म्हणून त्यानं क्षणभर वाट पाहिली. तिनं थांबवलं नाही. त्याची माफी ती वर मान न करता शेवटपर्यंत ऐकत राहिली, आणि नाडी बांधून झाल्यावर म्हणाली, "येते."

ती अर्धा जिना उतरली असेल, तेव्हा वर भांडं पडल्याचा आवाज झाला. दार अजून उघडंच होतं.

"अहो, कशाला उठलात?" वहिनीचा आवाज. "पट्टी भिजली ना सगळी! आता सकाळीच बदलली होती!"

"कप विसळत होते. किती दिवस तुझ्याकडून करून घेऊ?"

"डॉक्टरांनी पाणी लावू नका म्हणून सांगितलंय. पण ऐकायचंच नाही! कुणी काही सांगितलं की त्याच्या नेमकं उलट करायचं! तापतो म्हटलं की तोच लावायचा, वापरा म्हटलं की जपून ठेवायचं! वस्तू काय पूजेला आणतं का कुणी?"

"माझी वस्तू, मी ठेवीन नाहीतर टाकीन!"

"आणि माझ्या? माझ्या वस्तूंचं काय?"

धाकटी कठड्याला धरून उभी राहिली. खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी दार किलकिलं करून वर पाहिलं.

"म्हण ना मग!" आई ओरडली. एवढ्या मोठ्यानं ती धाकटीच्या लहानपणानंतर कधी ओरडली नव्हती. "महिनाभर तोंड फुगवून मला भरवतेयस, त्यापेक्षा एकदाचं म्हण ना! तुमच्यामुळे गेले म्हण!"

"तुमच्यामुळेच गेले! तुमच्या हट्टामुळे गेले! माझी राणी गेली, आणि तुम्ही त्या आगीत हात घातलात! कुणी सांगितलं होतं हात घालायला? मेला असतात म्हणजे?"

"मग काय बघत बसायचं होतं? डोळे फोडून शिवलेलं तू!"

मग दादाचा आवाज आला, सावकाश.

"एक मिनिट. म्हणजे तो चार्जर..."

"तू मध्ये पडू नकोस!" दोघी एकदम म्हणाल्या.

"पण आई, तू..."

"आमचं दोघींचं चाललंय," वहिनी म्हणाली. "तू जा, कोरडी पट्टी आण."

"आणि कात्री," आई म्हणाली. "नेहमी विसरतोस."

मग ते दोन्ही आवाज पुन्हा सुरू झाले. पोशाखांवरून गॅसवर गेले, गॅसवरून कुठल्याशा जुन्या पडद्यांच्या रंगावर, आणि तिथून आणखी मागे, धाकटीला ठाऊकही नसलेल्या गोष्टींवर. कपाटाचं दार उघडल्याचा, खण ओढल्याचा आवाज आला. दादा कात्री शोधत असावा.

खालचं दार बंद झालं. धाकटीनं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि ती परत वर चढू लागली. आईशी तिलाही भांडायचं होतं.